पंचनाम्यांतील दया

पुराचें पाणी ओसरल्यावर गांवांत मागें राहतो तो चिखल, आणि त्या चिखलांतून चालत येतो तो पंचनाम्याचा कागद. तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक शेताच्या बांधावर उभे राहतात. गांवांतील दोन-चार जाणतीं माणसें पंच म्हणून बरोबर असतात. आणि उभें पीक किती गेलें, भिंत किती पडली, जनावर कोणतें मेलें, हें लिहून घेतलें जातें. काम दिसावयास रुक्ष. परंतु मनुष्याच्या सदसद्विवेकबुद्धीची इतकी अवघड परीक्षा पाहणारें दुसरें काम खेड्यांत क्वचितच असेल, असें आम्हांस वाटतें. कारण त्या बांधावर, अवघ्या एका आंकड्याच्या निमित्तानें, सत्य आणि दया हीं एकमेकांसमोर येऊन उभीं राहतात, व पंचाला त्यांपैकीं एकाची बाजू घ्यावी लागते. निदान त्याला तसें वाटतें.

प्रश्न असा आहे. सरकारी आपत्ति-निवारण निधीच्या नियमांत, पिकाची हानि शेंकडा ३३ किंवा त्याहून अधिक असेल तरच शेतकऱ्यास साहाय्य मिळतें. २०१५ पूर्वीं ही मर्यादा शेंकडा ५० ची होती. त्या वर्षीं ती खालीं आणण्यांत आली. मर्यादेच्या वर गेलेल्या शेतास हेक्टरीं ठराविक रक्कम. २०२२ सालीं ठरलेल्या दरांप्रमाणें ती कोरडवाहूस ८,५०० रुपये, बागायतीस १७,००० रुपये व बहुवार्षिक पिकांस २२,५०० रुपये होती. मर्यादेच्या खालीं राहिलेल्या शेतास कांहींच नाहीं. आतां समजा, एका अल्पभूधारकाचें सोयाबीन पंचांच्या प्रामाणिक नजरेनें शेंकडा ३० गेलें आहे. घरांत दुसरें उत्पन्न नाहीं. सोसायटीचें कर्ज थकलेलें. बियाणें उधारीवर आणलेलें. पंचानें तिसाचे पस्तीस केले, तर त्या घराची दिवाळी होते. सरकारची तिजोरी त्यामुळें कांहीं रिकामी होत नाहीं. मग असें लिहिणें हें पाप कीं पुण्य? आणि जो पंच असें लिहिण्याचें नाकारतो, त्यास सत्यनिष्ठ म्हणावें, कीं दगडाच्या काळजाचा म्हणावें?

वाचकांपैकीं कित्येकांनीं पंच म्हणून सह्या केल्या असतील, आणि कित्येकांच्या बांधावर असे पंच येऊन गेले असतील. त्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाहीं. म्हणून उत्तराची घाई न करितां आपण प्रथम एक गोष्ट निराळी काढून ठेवूं. ती ही कीं, भूक आणि नुकसान हीं एक नव्हेत.

२०१९ च्या ऑगस्ट महिन्यांत कृष्णा व पंचगंगा ह्या नद्यांनीं सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत जो प्रळय मांडला, तो अनेकांच्या स्मरणांत आहे. सांगलीस आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांवर चढलें. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यापाशीं धोक्याची पातळी ४३ फूट. तेथें पाणी ५५ फुटांवर गेलें. ह्या भागांतील ४ लाखांहून अधिक लोकांस घरेंदारें सोडून अन्यत्र आसरा घ्यावा लागला. जेथें पंचगंगा कृष्णेस मिळते त्या नृसिंहवाडीच्या आसपास तर नदी कोठें संपली व शेत कोठें सुरू झालें, हें सांगतां येईना. त्याच दिवसांत एक सरकारी आदेश निघाला. ज्यांचें क्षेत्र दोन दिवस पाण्यांत बुडालेलें असेल अशा कुटुंबांस १० किलो गहूं व १० किलो तांदूळ फुकट द्यावे, असा त्याचा आशय होता. दोन दिवसांची ती अट वाचून लोक संतापले. आणि तो संताप रास्त होता. ज्याच्या चुलींत दीड दिवस पाणी होतें, त्याची चूलही तितकीच ओली असते. कणगींतलें धान्य भिजावयास दोन दिवस लागत नाहींत. एक रात्र पुरते.

आदेश काढणारे निष्ठुर होते असें आम्ही म्हणत नाहीं. मोजमापाची एक जुनी संवय कागदावर उतरली, इतकेंच. पण ती संवय मोठी जुनी आहे. १८७७ सालीं, दक्षिणेंतील मोठ्या दुष्काळांत, सरकारी कामांवरील मजुरास दिवसाला एक पौंड धान्य व थोडे पैसे एवढ्यावर आणून ठेवण्यांत आलें होतें. मनुष्य किती कमी अन्नावर काम करूं शकतो, हें त्या हिशेबांत पाहिलें गेलें. तो किती उपाशी आहे, हें नाहीं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज-विनंत्या केल्या, आणि मुंबई इलाख्यांतील हजारों मजूर कामें सोडून गेले. पहिल्या घांसास अट घालणें म्हणजे भुकेल्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें करणें होय. पहिल्या आठवड्याचें अन्न, पिण्याचें पाणी, अंथरूण, औषध ह्यांस पंचनामा नको. तेथें दोन-चार जणांनीं दोनदां घेतलें तर घेऊं द्यावें. फसविले जाण्याची ती किंमत स्वस्त आहे.

तथापि, भूक मोजूं नये म्हणून मोजणेंच सोडून द्यावें, असें नव्हे. त्याच पुरांत, ८ ऑगस्ट रोजीं, पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें लोकांस बाहेर काढणारी एक बोट उलटली. तिच्यांत तिच्या शक्तीपेक्षां अधिक माणसें होतीं. बारांहून अधिक जीव गेले, आणि त्यांत स्त्रिया व मुलें पुष्कळ होतीं. त्या घडीला कांठावर उभें राहून कोणी माणसें मोजलीं असतीं व कांहींना मागें थांबविलें असतें, तर लोकांनीं त्याला काय म्हटलें असतें, ह्याची कल्पना करतां येते. माप हें दयेचें वैरी आहे असें जे सहज बोलतात, त्यांनीं ह्या बोटीचा विचार करावा.

आतां तीस आणि पस्तीस यांच्याकडे वळूं. पस्तीस लिहिणाऱ्याची बाजू दुबळी नाहीं, आणि ती नीट ऐकून घेतली पाहिजे. तो म्हणेल, तेहेतीस हा आंकडा कोठून आला? तो कांहीं पावसानें ठरविलेला नाहीं. बत्तीस टक्के गेलेल्याचें दुःख आणि चौतीस टक्के गेलेल्याचें दुःख ह्यांत एका हेक्टरास हजारों रुपयांचें अंतर कसें पडतें? शिवाय शेतांतील नुकसान हें तराजूंत घालून तोललेलें नसतें. तो सारा अंदाजच असतो. मग अंदाज दयेच्या बाजूला झुकला तर बिघडलें कोठें?

ह्यांतला शेवटचा मुद्दा बराच खरा आहे. उसाचेंच पाहा. पाण्यावर शेंडा राहिला तर ऊस तग धरतो. शेंडाच कित्येक दिवस बुडून राहिला व पोंग्यांत गाळ बसला, तर वाढ थांबते, शेंडा कुजतो आणि कांड्यांवरचे डोळे फुटूं लागतात. पण हें पूर ओसरल्याच्या दुसऱ्या दिवशीं दिसत नाहीं. त्या दिवशीं ऊस चिखलानें माखलेला पण उभा असतो. त्याचें मरण पुढें हळूहळू कळतें. सोयाबीनचेंही तसेंच. शेंग वरून शाबूत दिसते, आणि ओल राहिली कीं आंतल्या दाण्यास कोंब येतात. जो पंच पहिल्या आठवड्यांत आला त्याला तीस दिसतील. तोच महिन्यानें आला तर साठ दिसतील. उलट फार उशीर केला, तर शेतकऱ्यानें तोंपर्यंत शेत साफ करून टाकलेलें असतें, व पुरावाच राहत नाहीं. अशा ठिकाणीं जेथें मनांत खरोखर संशय आहे, तेथें संशयाचा फायदा ज्याचें गेलें त्याला द्यावा. त्यांत असत्य नाहीं. कोर्ट आरोपीलाही तो देतें. मग पूरग्रस्ताला कां नाकारावा? आम्ही तर असें म्हणूं कीं, जो पंच पुढें दिसणारें नुकसान जाणूनही केवळ आज डोळ्यांना दिसेल तेवढेंच लिहितो, त्याचेंच लिहिणें अपुरें आहे.

परंतु आपला प्रश्न संशयाचा नव्हता. तीस आहेत हें ठाऊक असून पस्तीस लिहिण्याचा होता. तेथें आमचें मत स्पष्ट आहे, आणि तें कित्येकांस कठोर वाटेल: लिहूं नये.

ह्याचें कारण सरकारचे पैसे हें नव्हे. कारण असें कीं, लेखणीची दया नेहमीं ओळखीच्या वाटेनें जाते. पंच ज्याच्या ओसरीवर बसतो, ज्याच्या घरचा चहा घेतो, ज्याच्या मुलाच्या लग्नांत जेवला आहे, त्याचे तीस पस्तीस होतात. गांवाबाहेरच्या वस्तीवरील मनुष्याचे तीस हे तीसच राहतात; आणि तेथपर्यंत चिखलांतून जाण्याचा कंटाळा आला, तर पंचवीसही होतात. पंच दुष्ट असतो म्हणून असें होत नाहीं. दया ही डोळ्यांसमोर असणाऱ्याची येते, एवढेंच. म्हणजे जो आंकडा दयेनें वाढविला, त्याची किंमत सरकार जितकी देतें त्याहून अधिक तो शेजारी देतो, ज्याच्यासाठीं कोणी खोटें बोलावयास नव्हतें. आणि पुढच्या वर्षाचें काय? ज्या गांवचे पंचनामे फुगलेले आढळले, त्या गांवच्या प्रत्येक आंकड्यांतून वरचा अधिकारी मनांतल्या मनांत कांहींतरी वजा करूं लागतो. मग खरे साठ गेलेला मनुष्यही चाळीसाचा धनी होतो. मग छायाचित्र आणा, त्यावर स्थळ-वेळ उमटवून आणा, मेलेल्या गाईशेजारीं स्वतः उभे राहा, अशा मागण्या सुरू होतात. ज्याचें जनावर रात्रीं गोठ्यासकट वाहून गेलें, त्यानें कशाशेजारीं उभें राहावें?

अॅरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत न्याय आणि समन्याय ह्यांचें विवेचन करितांना लेस्बॉस बेटांतील गवंड्यांच्या एका पट्टीचा उल्लेख केला आहे. ती शिशाची असे. लोखंडी पट्टी वांकड्या दगडावर बसत नाहीं. शिशाची पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणें वांकते. कायदा सर्वांसाठीं एकच असल्यामुळें कोठें कोठें चुकतो, आणि तेथें त्याला प्रसंगाप्रमाणें वांकविणारी बुद्धि लागते, असें त्याचें म्हणणें. ह्या पट्टीवरून आमच्या प्रश्नावर बराच उजेड पडतो. पट्टी वांकते खरी, पण ती दगडाविषयीं खोटें सांगत नाहीं. उलट ती वांकते ती दगडाचा खरा आकार सांगतां यावा म्हणून. तेहेतीसाची मर्यादा ही लोखंडी पट्टी आहे. ती बदला, वीस गेले त्याला थोडें, चाळीस गेले त्याला अधिक, अशी पायरी-पायरीची रीत मागा, त्यासाठीं अर्ज करा, ग्रामसभेंत ठराव करा, आमदाराचें दार ठोठवा. ५० चे ३३ झाले तेही कांहीं आकाशांतून पडले नाहींत. नियम बदलतो, हें त्यावरून दिसतें. पण पट्टी वांकविण्याऐवजीं दगडच वांकडा लिहिला, तर पट्टी कधींच बदलणार नाहीं. ज्या गांवांत सर्वांचेच पस्तीस लिहिले जातात, त्या गांवाच्या कागदांत तेहेतीसाच्या नियमानें कोणाचेंही वाईट झालेलें दिसत नाहीं.

येथवर सत्यनिष्ठ पंच समाधानानें मान डोलवील. त्यानें थोडें थांबावें. तीस लिहून, कागद मिटून, हात धुवून तो घरीं गेला, तर त्याचें काम अर्धेंच झालें. त्या घरांत आतां कांहीं येणार नाहीं, हें गांवांत सर्वांच्या आधीं त्याला ठाऊक झालेलें असतें. ज्यानें खरें लिहिलें, त्याच्यावरच त्या खऱ्याचा भार येतो. मर्यादेच्या खालीं राहिलेल्या घरांची नांवें त्यानें उतरून घ्यावींत, आणि गांवाच्या, मंडळीच्या, तरुण मंडळाच्या, ज्या कोणाच्या हातीं चार पैसे व चार पोतीं असतील त्यांच्यापुढें तीं ठेवावींत. सरकारी मदत आणि शेजाऱ्याची मदत ह्या एकाच वाटेनें जातात, हाच आमच्याकडील मोठा दोष आहे. ज्याला सातबाऱ्यावर रक्कम मिळाली त्यालाच धान्याचा संचही मिळतो, कारण यादी एकच असते व ती तयार असते. खासगी दानाला सरकारचे नियम बांधलेले नाहींत. तें मोकळें आहे. मग त्या मोकळेपणाचा उपयोग यादींत नसलेल्यासाठीं होऊं नये काय?

आणि यादींत मुळींच नसलेला असा एक मोठा वर्ग प्रत्येक गांवांत असतो. ज्याला जमीन नाहीं, त्याचें पीक कसें बुडेल? त्याचें गोठ्यांत जनावर नाहीं. घरही कित्येकदां दुसऱ्याच्या जागेंतलें. पंचनाम्याचा कागद त्याच्या दारावरून पुढें जातो, कारण त्याच्याकडे हरवावयास कांहीं नव्हतें. परंतु त्याचें एक गेलेलें असतें, आणि तें सर्वांत आधीं गेलेलें असतें: रोज. बुडालेल्या शेतांत निंदणी नाहीं, काढणी नाहीं, मळणी नाहीं. मालकाचें पीक गेलें त्याच दिवशीं मजुराचे पुढचे दोन महिने गेले. १९७४ सालीं बांगलादेशांत हेंच मोठ्या प्रमाणावर घडलें. ब्रह्मपुत्रेच्या पुरांनीं त्या उन्हाळ्या-पावसाळ्यांत शेतें बुडविलीं व मागून दुष्काळ पडला. अमर्त्य सेन ह्यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, त्या वर्षीं देशांत दरडोई उपलब्ध धान्य मागच्या-पुढच्या वर्षांहून कमी नव्हतें. धान्य होतें, मजुरांच्या हातीं तें विकत घेण्याचा पैसा नव्हता, कारण पुरानें काम नेलें होतें आणि भाव चढले होते. उपासमारीचा सर्वांत मोठा घाला भूमिहीन मजुरांवर पडला. आमच्या नियमांतही ज्यांचा उदरनिर्वाह तुटला त्यांस रोजच्या कांहीं रुपयांची तरतूद आहे, हें खरें. पण शेताचा पंचनामा करण्यास माणूस येतो, आणि बुडालेल्या रोजाचा पंचनामा करण्यास कोणी येत नाहीं. खंडानें वा अर्धेलीनें दुसऱ्याचें शेत करणाऱ्याची गोष्ट ह्याहून चमत्कारिक आहे: बियाणें त्याचें, घाम त्याचा, आणि सातबारा मालकाचा, तेव्हां रक्कमही मालकाच्या खात्यांत. मालक पुण्यास किंवा मुंबईस राहत असला, तरी ती तेथें बिनचूक पोहोंचते.

जमिनीचेंही असेंच. २०२५ च्या सप्टेंबरांत सीना नदीनें सोलापूर जिल्ह्याच्या माढा, मोहोळ, करमाळा ह्या भागांत नेहमींचें पात्र सोडलें, तेव्हां मराठवाड्याप्रमाणें तेथेंही कित्येक शेतांतील पीकच नव्हे तर मातीही गेली. जमीन खरडून जाणें ह्याला सरकारी दर आहे. पण ज्या काळ्या मातीवर आजोबांनीं व वडिलांनीं शेणखत घातलें, बांध घातले, दगड वेंचले, ती खडकापर्यंत धुवून गेली म्हणजे तिचें मोल कोणत्या रकान्यांत मांडावें, हें आम्हांस कळत नाहीं. एवढें मात्र खरें कीं, अशा शेतावर तीस कीं पस्तीस हा वाद उरत नाहीं.

मदत वांटतांना कोणीतरी राहून जातें, ही तक्रार नवी नव्हे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायांत यरुशलेमांतील पहिल्या मंडळीची हीच तक्रार नमूद आहे: रोजच्या वांटपांत ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवा डावलल्या जात होत्या. त्या प्रसंगीं तक्रार करणाऱ्यांस कृतघ्न म्हणून गप्प बसविलें नाहीं, ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट आपल्या लक्षांत सहसा येत नाहीं. वांटपासाठीं जे सात जण निवडले गेले, त्या स्तेफनापासून निकलावापर्यंत सर्वांचीं नांवें ग्रीक आहेत. ज्या बाजूचे लोक डावलले जात होते, त्या बाजूच्या नांवांच्या माणसांच्या हातीं पळी देण्यांत आली. आमच्या गांवांतून पुरानंतर ज्या समित्या बसतात त्यांत कोण असतात? सरपंच, सोसायटीचे चेअरमन, गुरुजी, दुकानदार, आणि असलेच तर पाळकसाहेब. सारे सज्जन, सारे डांबरी रस्त्याजवळ राहणारे. मदतीच्या मोटारीही त्याच रस्त्यावर थांबतात, आणि तेथेंच रिकाम्या होतात. २००४ च्या सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते, कारण देणाऱ्यांनीं आपल्या घरीं जें जास्त होतें तें पाठविलें. तेथें काय कमी आहे हें विचारलें नाहीं. विचारावयाचें तरी कोणास, हा प्रश्न समितीच्या नांवांवरून सुटतो. शेतमजूर स्त्री, खंडकरी, वस्तीवरचा मेंढपाळ, एकटी राहणारी म्हातारी ह्यांपैकीं दोघें-तिघें जरी त्या सतरंजीवर बसलीं, तरी यादी बदलते. मग पाकिटावर कोणाचें चित्र असावें, असल्या गोष्टींत वेळही कमी जातो. २०१९ च्या पुरांत तोही प्रकार पाहावयास मिळाला होता, आणि पूरग्रस्तांनीं त्याविषयीं काय म्हटलें तें येथें छापण्याजोगें नाहीं.

व्यवहाराची एक सूचना करून हा लेख पुरा करितों. पंचनाम्यांची व वांटपाची यादी कच्ची असतांनाच मोठ्यानें वाचली जावी. चावडीवर एकदां, आणि प्रत्येक वस्तीवर एकदां. वस्तीवरची वेळ सायंकाळची असावी, कारण पूर ओसरतांच जो मजूर परगांवीं कामास जाऊं लागला तो दुपारीं घरीं नसतो. नांव, किती गेलें, काय मिळणार, एवढें वाचावें. ज्यांचे तीस आहेत त्यांचे तीस म्हणून वाचावे. वाचून झाल्यावर कागद लगेच घडी करूं नये. आपलें नांव राहिलें आहे, हें उठून चारचौघांत सांगावयास म्हाताऱ्या माणसाला थोडा वेळ लागतो.